नकाशाआधीचा महाराष्ट्र

मार्च १९४९ मध्ये ‘महाराष्ट्र’ नावाचं राज्य अस्तित्वात नव्हतं. त्या नावाची साहित्य परिषद होती, बँक होती, काँग्रेसची प्रांतिक समिती होती आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी करणारी एक परिषदही होती. राज्य तेवढं नव्हतं. आणखी एक गोष्ट मात्र होती, जिची राजकीय इतिहासाच्या पुस्तकांत सहसा दखल घेतली जात नाही. त्या नावाचा क्रिकेटचा संघ होता. ५ ते ११ मार्च असे सात दिवस हा संघ पुण्यात रणजी करंडकाच्या उपांत्य सामन्यात मुंबईविरुद्ध खेळला. दोन्ही संघांनी मिळून २३७६ धावा केल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये एका सामन्यातल्या धावांचा तो विक्रम आहे. महाराष्ट्र हरला.

त्याच संघाच्या एका फलंदाजाने त्याच हंगामात, अडीच-तीन महिने आधी, नाबाद ४४३ धावा काढल्या होत्या. भाऊसाहेब निंबाळकर हे नाव आजही प्रश्नमंजूषेत येतं, ‘कसोटी न खेळलेल्या खेळाडूची सर्वोच्च धावसंख्या कोणाची?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून. पण विक्रमांच्या यादीत हे दोन आकडे वेगवेगळ्या रकान्यांत जातात आणि ते एकाच संघाच्या एकाच हंगामातले आहेत ही गोष्ट निसटते. मला तो हंगाम एकत्र वाचायचा आहे, आणि त्या थंडीत देशाच्या नकाशावर जे चाललं होतं त्याच्या शेजारी ठेवून वाचायचा आहे. कारण १९४८-४९ चा हा हंगाम मला धावांपेक्षा हद्दींचा हंगाम वाटतो.

*

मी सोलापूरचा. आमच्या गावात ‘तुम्ही कुठले?’ हा प्रश्न सहज विचारला जातो आणि त्याचं उत्तर क्वचितच एका शब्दात मिळतं. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरात तेलुगू बोलतात, बाजारात कन्नड चालते, दखनी चालते, आणि सगळ्यांना जोडणारी मराठी तिघींचे शब्द घेऊन येते. १९४८ साली हे शहर मुंबई प्रांतात होतं. तुळजापूरच्या किंवा नळदुर्गच्या वाटेने थोडं पुढे गेलं की निजामाची हद्द लागायची. दक्षिणेला अक्कलकोट, तेही एक संस्थान. ते मार्च १९४८ मध्ये विलीन झालं आणि सोलापूर जिल्ह्यात आलं.

त्याच वर्षी १३ सप्टेंबरला मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या नेतृत्वाखालची भारतीय फौज सोलापूरहून निघाली, पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्या मोहिमेचं सांकेतिक नाव ‘पोलो’ होतं, म्हणजे तिथेही एक खेळ होताच. हैदराबादची हद्द गेली. तरी सोलापूरच्या माणसापुढचा प्रश्न सुटला नव्हता, उलट तो आता उघडा पडला होता. संस्थानं जातायत, प्रांत बदलणार आहेत, भाषेवर राज्यं व्हावीत अशी मागणी आहे. मग तीन भाषांचं हे गाव कोणाच्या वाट्याला जाणार? संयुक्त महाराष्ट्रवाले सोलापूर आपलं म्हणत होते, कर्नाटक एकीकरणवाल्यांचंही या भागाकडे लक्ष होतं. तो वाद इतका चिवट निघाला की १९६७ सालच्या महाजन आयोगानेसुद्धा अक्कलकोट तालुका आणि दक्षिण सोलापूरमधली काही गावं कर्नाटकाला द्यावीत अशी शिफारस केली.

क्रिकेटच्या बाबतीत मात्र हा प्रश्न कधीच सुटलेला होता. रणजी करंडकाच्या हिशेबात सोलापूर महाराष्ट्रात होतं.

*

हे कसं झालं, ते पाहण्यासारखं आहे. रणजी करंडक १९३४-३५ मध्ये सुरू झाला. करंडक पतियाळाच्या महाराजांनी दिलेला, नाव नवानगरच्या रणजितसिंहजींचं. भाग घेणाऱ्या संघांची यादी पाहिली तर इंग्रजांच्या प्रशासकीय नकाशाशी ती जुळत नाही. एकट्या मुंबई इलाख्यात मुंबई, महाराष्ट्र, गुजरात आणि सिंध असे चार संघ होते.

या वाटणीशी मिळताजुळता नकाशा त्याआधीच एका वेगळ्या ठिकाणी काढला गेला होता. १९२० च्या नागपूर अधिवेशनानंतर काँग्रेसने आपल्या प्रांतिक समित्या भाषेच्या आधारावर बांधल्या, तेव्हा मुंबई शहराची समिती वेगळी, महाराष्ट्राची वेगळी, गुजरातची वेगळी केली. नागपूर आणि वऱ्हाड त्याहून वेगळे. क्रिकेटमध्येही नागपूर-वऱ्हाडकडचे खेळाडू ‘मध्य प्रांत आणि वऱ्हाड’ या संघात गेले. कोणी काँग्रेसकडे पाहून क्रिकेटची हद्द आखली असं मला म्हणायचं नाही. दोन्हींच्या मागे एकच साधी जाणीव होती: मुंबई ही एक गोष्ट आहे आणि पुण्याभोवतीचा मराठी मुलूख ही दुसरी. ही जाणीव पुढे १९५५-५६ मध्ये किती महागात पडणार होती, हे १९३४ साली कोणाच्या ध्यानीमनी नसावं.

पहिल्या काही वर्षांत या ‘महाराष्ट्रा’ला प्रतिष्ठा मिळवून दिली ती प्रा. दि. ब. देवधरांनी. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारा हा माणूस १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकणाऱ्या संघाचा कर्णधार होता. १९४० मध्ये मुंबईविरुद्ध त्यांनी २४६ धावा काढल्या तेव्हा त्यांचं वय ४८ होतं. महाराष्ट्राने त्या सामन्यात ६७५ केल्या, मुंबईने ६५० करून उत्तर दिलं.

हे आकडे आज अतिशयोक्त वाटतात, पण त्या दशकात ते नेहमीचे होते. १९३९ मध्ये विजय हजारेंनी महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ केल्या. १९४३-४४ च्या हंगामात विजय मर्चंटनी मुंबईकडून महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ केल्या. मार्च १९४७ मध्ये होळकर संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात हजारे आणि गुल महंमद यांनी बडोद्यासाठी चौथ्या गड्याकरता ५७७ धावांची भागीदारी केली. खेळपट्ट्या फलंदाजाला आंदण दिलेल्या, आणि महत्त्वाचे सामने निकाल लागेपर्यंत खेळायचे. वेळेचा धाक नसल्यामुळे कर्णधाराला डाव सोडण्याची घाई नसे आणि फलंदाजाला बाद होण्याचं काही कारण नसे. गोलंदाजांनी हे सगळं का सोसलं, हा या काळातला खरा अभ्यासाचा विषय आहे.

*

हे खेळाडू जगत कशावर होते? कागदोपत्री भारतातलं क्रिकेट हौशी होतं. अमेरिकेत त्याच वर्षांत बेसबॉलपटू संघाच्या मालकाशी करार करून पगार घेत. संघ ही मालकाची मालमत्ता होती, आणि मालकाला परवडेनासं झालं की तो संघ उचलून दुसऱ्या शहरात नेऊ शकत होता. ब्रुकलिनचा डॉजर्स संघ १९५७ च्या हंगामानंतर असाच लॉस एंजेलिसला गेला. ब्रुकलिनच्या लोकांनी त्याबद्दल मालकाला माफ केलं नाही.

आपल्याकडे उलट होतं. संघ जागच्या जागी राहायचे आणि खेळाडू हलायचे. करार नव्हता, नोकरी होती, आणि ती नोकरी बहुतेक वेळा एखाद्या संस्थानिकाची असे. सी. के. नायुडू होळकरांच्या फौजेत कर्नल होते. सांगलीत जन्मलेले हजारे महाराष्ट्राकडून त्रिशतक ठोकून पुढे बडोद्याच्या सेवेत गेले आणि बडोद्याचे झाले. दुसऱ्या महायुद्धात महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन १९४४-४५ चा अंतिम सामना होळकरांकडून खेळला आणि मुंबईविरुद्ध नाबाद २४९ करून हरला. त्या सामन्यात २०७८ धावा झाल्या होत्या. महाराष्ट्र आणि मुंबई यांनी मोडला तो हा आकडा.

कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांची कारकीर्द या व्यवस्थेचा नकाशाच आहे. बडोदा, महाराष्ट्र, होळकर, राजस्थान, रेल्वे. पहिली नावं संस्थानांच्या काळातली, शेवटची दोन स्वतंत्र भारतातली. महाराजाने दिलेल्या नोकरीपासून सरकारी रेल्वेच्या नोकरीपर्यंत भारतीय क्रिकेटपटूच्या पोटापाण्याचा जो प्रवास झाला, तो एका माणसाच्या संघबदलांत वाचता येतो.

१९४८-४९ च्या हंगामात ही व्यवस्था डोळ्यांदेखत विरघळत होती. खेळणारे तेच होते, खेळवणारे मात्र निघाले होते.

*

डिसेंबर १९४८ चे दहा दिवस मी तारखांनिशी मांडतो.

९ डिसेंबरला मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर वेस्ट इंडिजविरुद्ध दुसरी कसोटी सुरू झाली. वेस्ट इंडिजचा हा पहिलाच भारत दौरा. या कसोटीत एका बावीस वर्षांच्या उंच, रुंद खांद्यांच्या फलंदाजाने पदार्पण केलं. काही आठवड्यांपूर्वी त्याने संयुक्त विद्यापीठ संघाकडून याच पाहुण्यांविरुद्ध नाबाद ११५ धावा केल्या होत्या आणि त्या जोरावर त्याची निवड झाली होती. पहलन रतनजी उर्फ पॉली उम्रीगर. जन्म २८ मार्च १९२६, सोलापूर. वडिलांचा कपड्यांचा धंदा. गिरण्यांच्या आणि मागांच्या सोलापुरात पारशी कुटुंबाने कापडाच्या धंद्यात असणं यात नवल काही नव्हतं. हे कुटुंब पॉलीच्या शाळकरी वयात मुंबईला गेलं आणि मुलगा मुंबईचा खेळाडू झाला. पुढे तो ५९ कसोटी खेळला, त्यात १२ शतकं केली आणि भारताचा कर्णधार झाला.

१० डिसेंबरची तारीख असलेला एक अहवाल दिल्लीत सादर झाला. भाषावार प्रांतरचनेसाठी संविधान सभेच्या अध्यक्षांनी नेमलेल्या दार आयोगाचा. आयोगाने महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र, केरळ या मागण्यांचा विचार केला होता, आणि निष्कर्ष असा काढला की केवळ भाषेच्या आधारावर प्रांत करणं राष्ट्राच्या हिताचं नाही. मुंबई शहर महाराष्ट्रात जावं हे तर त्याला मुळीच मान्य नव्हतं.

आणि १६ डिसेंबरला, म्हणजे ‘महाराष्ट्र नको’ असं म्हणणाऱ्या अहवालानंतर सहाव्या दिवशी, पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्राचा संघ काठियावाडविरुद्ध उतरला.

काठियावाडने पहिल्या डावात २३८ धावा केल्या. मग निंबाळकर आणि कमल भांडारकर यांची जोडी जमली. दुसऱ्या गड्यासाठी दोघांनी ४५५ धावा जोडल्या. दुसऱ्या गड्याच्या भागीदारीचा तो जागतिक विक्रम ठरला. भांडारकर २०५ वर गेले. निंबाळकर खेळत राहिले. तिसऱ्या दिवशी मध्यंतर झालं तेव्हा महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या आणि निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. ४९४ मिनिटं, ४९ चौकार, एक षटकार. मर्चंट यांचा ३५९ चा भारतीय विक्रम मागे पडला होता. पुढे एकच माणूस उरला होता: डॉन ब्रॅडमन, नाबाद ४५२, सिडनी, जानेवारी १९३०. बरोबरीला नऊ धावा, मोडायला दहा.

काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब होते. मध्यंतरात त्यांनी महाराष्ट्राचे कर्णधार राजा गोखले यांना निरोप दिला की डाव सोडा, नाहीतर आम्ही जातो. आणखी एक-दोन षटकं तरी खेळू द्या, अशी विनंती यजमानांनी केली असं सांगतात. ती मान्य झाली नाही. काठियावाडने सामना सोडून दिला आणि संघ निघून गेला. निंबाळकरांचा डाव ४४३ वर कायमचा थांबला. न बाद, न घोषित.

*

हा प्रसंग आपल्याकडे सांगितला जातो तो अन्यायाची गोष्ट म्हणून, आणि ठाकोरसाहेब त्यातले खलनायक असतात. ब्रॅडमनच्या विक्रमाच्या दारात एका मराठी माणसाला अडवणारा रुसका संस्थानिक. गोष्ट सांगायला सोपी आहे आणि निंबाळकरांचं नुकसान खरं आहे. ते नाकारण्याचं कारण नाही.

पण मला त्या पाहुण्या संघाकडेही पाहावंसं वाटतं. काठियावाड म्हणजे दोनशेहून अधिक लहानमोठ्या संस्थानांची आणि जहागिरींची जत्रा. १५ फेब्रुवारी १९४८ रोजी, म्हणजे या सामन्याच्या दहा महिने आधी, ती सगळी एका संयुक्त राज्यात विलीन झाली. त्याचंच पुढे सौराष्ट्र झालं. राजकोटच्या ठाकोरसाहेबांची पदवी राहिली होती, तनखा ठरला होता, राज्य गेलं होतं. ज्या रणजींच्या नावाने करंडक होता तेही याच मुलखातले राजे. आणि आता पुण्याच्या उन्हात दोन दिवस चेंडूमागे धावायचं, समोर धावफलकावर आठशेचा आकडा, आणि आपण इतिहासात जाणार ते दुसऱ्याच्या विक्रमाखालची तळटीप म्हणून. ठाकोरसाहेबांनी केलं ते खिलाडू वृत्तीचं नव्हतं. पण आयुष्यभर ज्याचा शब्द प्रमाण होता अशा माणसाच्या हातात आता एवढाच एक हुकूम देणं उरलं असेल, तर तो त्याने दिला यात मला फार आश्चर्य वाटत नाही. सरदार पटेलांपुढे मैदान सोडता येत नव्हतं. पूना क्लबवर येत होतं.

या वाचनात एक मोठी गंमत आहे. त्या दिवशी मैदानावर जे दोन संघ होते, त्यांतल्या ‘काठियावाड’ला राज्य नुकतंच मिळालं होतं, पण ते चालवणारे राजे जात होते. ‘महाराष्ट्रा’ला लोक होते, नाव होतं, ८२६ धावा होत्या, राज्य मात्र नाकारलं गेलं होतं. दोघांपैकी कोणाचंच नाव आणि हद्द एकमेकांशी नीट जुळत नव्हती.

निंबाळकरांचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. ब्रॅडमननी पत्र पाठवून कौतुक केलं, असं ते अभिमानाने सांगत. कसोटी संघात त्यांची निवड कधीच झाली नाही. १९४९-५० मध्ये राष्ट्रकुल संघाविरुद्ध एक अनधिकृत कसोटी, एवढंच. प्रथम श्रेणीत १२ शतकं आणि जवळपास ४८ ची सरासरी असूनही. २००२ मध्ये क्रिकेट मंडळाने त्यांना सी. के. नायुडू जीवनगौरव पुरस्कार दिला. डिसेंबर २०१२ मध्ये, ९३ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कोल्हापुरात त्यांचं निधन झालं.

*

आता मार्च. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. छत्रपतींची एक गादी होती, तिचा स्वतंत्र कारभार त्या दिवशी संपला. चार दिवसांनी, ५ मार्चला, पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध मुंबई सामना सुरू झाला.

मुंबईने पहिल्या डावात ६५१ धावा केल्या. यष्टिरक्षक माधव मंत्री २००, विजय मर्चंट यांचे बंधू उदय मर्चंट १४३, दत्तू फडकर १३१. महाराष्ट्राने ४०७ करून उत्तर दिलं. एम. सी. दातार १४३, मधुसूदन रेगे १३३. रेगे त्याच जानेवारीत मद्रासला वेस्ट इंडिजविरुद्ध आपली एकमेव कसोटी खेळून आले होते.

मुंबईची आघाडी २४४ धावांची. महाराष्ट्राला लगेच दुसऱ्यांदा खेळायला लावता आलं असतं. मुंबईने तसं केलं नाही. सामना निकाल लागेपर्यंत चालणार असेल तर घाई कशाची? ती पुन्हा फलंदाजीला उतरली आणि ८ बाद ७१४ करून मगच थांबली. उदय मर्चंट पुन्हा १५६, फडकर पुन्हा १६०. दोघांनीही दोन्ही डावांत शतकं केली. एका संघाच्या एका सामन्यात १३६५ धावा.

महाराष्ट्राला जिंकायला ९५९ हव्या होत्या. हा आकडा वाचल्यावर पहिली प्रतिक्रिया हसण्याची होते. पण महाराष्ट्राचे फलंदाज हसण्यावारी न नेता खेळले. रेगेंनी दुसऱ्या डावातही बरोबर १०० केल्या. देवधरांचे चिरंजीव शरद देवधर यांनी १४६ केल्या. डाव ६०४ वर आटोपला. प्रथम श्रेणी क्रिकेटच्या चौथ्या डावात याहून जास्त धावा तोवर एकदाच झाल्या होत्या, १९३९ मध्ये डर्बनच्या अमर्याद कसोटीत इंग्लंडच्या ५ बाद ६५४. चौथ्या डावात सहाशेचार धावा करणारा संघ ३५४ धावांनी हरला. सामन्यात एकूण नऊ शतकं झाली, पाच मुंबईची, चार महाराष्ट्राची. मुंबई पुढे अंतिम सामन्यात बडोद्याला ४६८ धावांनी हरवून करंडक घेऊन गेली. आणि १ मे १९४९ रोजी बडोदा संस्थानही मुंबई प्रांतात विलीन झालं.

आता मुंबईच्या शतकवीरांकडे पुन्हा पाहा. फडकर जन्माने कोल्हापूरचे, म्हणजे निंबाळकरांच्याच गावचे. महिन्याभरापूर्वी ब्रेबर्नवर भारत वेस्ट इंडिजविरुद्ध ३६१ चा पाठलाग करताना सहा धावांनी मागे राहिला, तेव्हा वेळ संपल्याक्षणी नाबाद उभे होते ते हेच फडकर. मंत्रींचा जन्म नाशिकचा. फडकर, मंत्री आणि उम्रीगर यांची जन्मगावं एका ओळीत ठेवली तर कोल्हापूर, नाशिक, सोलापूर अशी होतात, आणि ही तिन्ही गावं क्रिकेटच्या महाराष्ट्राच्या हद्दीतली. पोरं इथली, नोकरी-धंदा मुंबईत, धावा मुंबईच्या खात्यात. फडकरांच्या २९१ आणि मंत्रींच्या २०० धावा मिळून ४९१ होतात आणि महाराष्ट्र हरला तो ३५४ ने. अशा बेरीज-वजाबाकीने इतिहास बदलत नाही हे मान्य. पण मुंबई आणि उरलेला मराठी मुलूख यांचं नातं नेमकं काय होतं, ते हा हिशेब कुठल्याही भाषणापेक्षा स्वच्छ सांगतो. मुंबई परकी नव्हती. ती आपल्याच माणसांनी घडवलेली होती, आणि सामना मात्र तिच्याशीच होता.

*

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. दार आयोगानंतर नेहरू, पटेल आणि पट्टाभी सीतारामय्या यांची समिती आली, मग राज्य पुनर्रचना आयोग आला आणि मुंबई महाराष्ट्राला देण्याबद्दल प्रत्येकाचं उत्तर नकाराचं आलं. १९ नोव्हेंबर १९५५ रोजी हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध कसोटी सुरू झाली. तीत सोलापुरात जन्मलेल्या उम्रीगरने २२३ धावा केल्या. कसोटीत द्विशतक करणारा तो पहिला भारतीय. तो सामना चालू असतानाच, २१ नोव्हेंबरला, मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि माणसं मारली गेली. ज्या हैदराबादवर सात वर्षांपूर्वी सोलापूरहून फौज चालून गेली होती तिथे आता कसोटी क्रिकेट चाललं होतं, आणि ज्या मुंबईशी पुण्यात सात दिवस चेंडूफळीने सामना झाला होता तिच्यासाठी रस्त्यावर रक्त सांडत होतं. हुतात्म्यांची संख्या पुढे शंभरावर गेली. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालं. सोलापूरही त्यात आलं.

क्रिकेटने मात्र या नव्या नकाशाकडे पाहून आपला नकाशा बदलला नाही. राज्य झाल्यावर मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ हे तीन संघ तीनच राहिले, आणि आजही आहेत. एकाच राज्यातले हे तीन संघ एकमेकांविरुद्ध रणजी करंडक खेळतात, आणि परप्रांतीय मित्राला हे समजावून सांगताना दरवेळी पाच मिनिटं जातात. त्यांपैकी मुंबईने ४२ वेळा करंडक जिंकला. विदर्भाने २०१७-१८ पासून तीनदा जिंकला. ज्याच्या नावाचं राज्य झालं तो महाराष्ट्र १९४०-४१ नंतर एकदाही जिंकलेला नाही. १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ असे तीन अंतिम सामने तो हरला, त्यातला पहिला मुंबईकडूनच.

‘संघ एक करा’ असं मला म्हणायचं नाही. तीन संघ आहेत म्हणून तिप्पट पोरांना संधी मिळते. सोलापूर, लातूर, धुळे इथल्या मुलाला मुंबईच्या रांगेत उभं न राहता रणजी खेळता येतं, हा १९३४ च्या वाटणीचा चालू असलेला फायदा आहे. माझं म्हणणं एवढंच, की हा संघ महाराष्ट्राचा नुसता उरलासुरला भाग मानला जाऊ नये. मुंबई आणि विदर्भ वजा केल्यावर जे राहतं ते म्हणजे क्रिकेटचा महाराष्ट्र, अशी व्याख्या आज आपण नकळत करतो. ती उलटी आहे. हा संघ आधीचा आहे. राज्याच्या पंचवीस वर्षं आधी त्याने ते नाव टोपीवर घेतलं. सांगली, कोल्हापूर, पुणे, पनवेल अशा वेगवेगळ्या राजवटींखाली जन्मलेल्या माणसांना एका नावाखाली उभं केलं. दिल्लीतला आयोग ज्याला राष्ट्रहिताविरुद्ध म्हणत होता ते नाव धावफलकावर तीन दिवस लावून ठेवलं आणि त्यापुढे ८२६ चा आकडा लिहिला.

त्या हंगामात विक्रम पुरा झाला नाही आणि करंडकही मिळाला नाही. ९५९ चं लक्ष्य समोर असताना ६०४ पर्यंत जाणं याला हिशेबात पराभवच म्हणतात. पण मार्च १९४९ मधली ती धडपड आणि ज्या राज्याची शक्यता दर आयोगागणिक दूर जात होती त्याची मागणी, या दोन्हींत एक जात सारखी आहे. आकडा अशक्य आहे म्हणून कोणी बॅट खाली ठेवली नाही. राज्याला त्यानंतर अकरा वर्षं लागली. संघ अजून खेळतोय.